नाहूरहून परदेश: कमी पैशांत कुठे जाता येतं आणि हिशेब कुठे चुकतो?

नाहूरमध्ये राहणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय विमानतळ तसा जवळ आहे. धीम्या लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन टी-२. अडचण एवढीच की परदेशी जाणारी बरीच स्वस्त विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तेव्हा लोकलही बंद आणि मेट्रोही. मग बॅगा घेऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने टॅक्सी करावी लागते.

स्वस्त परदेशवारीच्या जाहिरातीचंही असंच असतं. त्यातला आकडा खोटा नसतो, पण तो बहुतेकदा फक्त तिकिटाचा असतो. बॅगेचे पैसे, व्हिसा, चलन बदलताना होणारी घट, तिथला रोजचा खर्च हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. त्यामुळे ‘सर्वात स्वस्त देश कोणता’ याचं उत्तर किती दिवस जायचं यावरही अवलंबून असतं. चार दिवसांच्या सहलीत तिकीट हाच मोठा खर्च असतो. दहा दिवस राहायचं असेल तर तिकीट महाग असलं तरी जेवण-मुक्काम स्वस्त असलेला देश एकूण हिशेबात परवडू शकतो.

नेपाळ: पासपोर्टशिवाय होणारा परदेश

हात खरोखर आखडता असेल तर पहिलं नाव नेपाळचं घ्यावं लागतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. चार प्रौढांचं कुटुंब असेल आणि कुणाकडेच पासपोर्ट नसेल, तर प्रत्येकी १५०० रुपयांप्रमाणे ६००० रुपये इथेच वाचतात.

मात्र सीमेवर गोंधळ होतो तो आधार कार्डावरून. १५ वर्षांखालील मुलं आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच आधार दाखवून जाता येतं. मधल्या वयाच्या व्यक्तीला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र चालतं. मे महिन्यात निघायचं असेल तर ते शाळेला सुट्टी लागण्याआधीच मागून ठेवलेलं बरं.

विमान परवडत नसेल तर कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. गोरखपूरहून सोनौली सीमा साधारण १०० किलोमीटर. सीमा ओलांडली की बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी अगदी जवळ आणि पुढे पोखरा किंवा काठमांडूसाठी बस. हा प्रवास दमवणारा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जाण्या-येण्यातच चार-पाच दिवस जातात. ज्याला रजा मिळते पण पैसा मिळत नाही, त्याच्यासाठी तो आहे. आठवडाभराचीच सुट्टी असेल तर निदान एका बाजूने विमान धरावं.

नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये. दर रोज हलत नसल्याने खर्चाचा अंदाज घरी बसून बांधता येतो. १०० रुपयांपर्यंतच्या नोटा विनातक्रार चालतात. त्याहून मोठ्या नोटांवर नेपाळने अनेक वर्षं निर्बंध ठेवले होते, म्हणून १०० च्या नोटा जास्त नेणं सोयीचं. मार्च २०२४ पासून अनेक दुकानांत यूपीआयनेही पैसे देता येतात.

शेजारचा भूतान तितका स्वस्त राहिलेला नाही. तिथेही व्हिसा नाही आणि चलन रुपयाच्या बरोबरीचं आहे, पण सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकांना माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क आहे. ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं. आई-वडील आणि आठ वर्षांचं मूल पाच रात्री राहिलं तर हॉटेलचं बिल सुरू होण्याआधीच १५,००० रुपये जातात.

थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम

पु. ल. देशपांडे यांनी ‘पूर्वरंग’मध्ये आग्नेय आशियाचा प्रवास मराठी घरांत आणला, तेव्हा तो प्रवास सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातला नव्हता. आता कमी बजेटच्या परदेशवारीत पहिली गर्दी तिकडेच असते.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ मध्ये तिची मुदत ६० दिवस केली. ती पुन्हा कमी करण्याची चर्चा तिथे होत राहिली आहे. मे २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं; ते मोफत आहे. मलेशियात डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, एका प्रवेशासाठी २५ डॉलर. इंटरनेटवर शोधलं की सरकारीसारखी दिसणारी, पण दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळंही समोर येतात. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असतं.

इथे मराठी नावांची एक खास अडचण आहे. अनेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं अशी दोन्ही नावं असतात. तिकीट काढताना घाईत फक्त पहिलं नाव लिहिलं जातं. व्हिसा, तिकीट आणि पासपोर्ट यांवरची नावं जुळली नाहीत तर काउंटरवरच अडवलं जाऊ शकतं. दुरुस्तीचा भुर्दंड कधीकधी स्वस्त तिकिटाच्या किमतीएवढाच असतो.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा उल्लेख असू शकतो. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे तिन्ही देश ईसीआर यादीत आहेत. नोकरीसाठी जाताना त्याकरता सरकारी मंजुरी लागते, पर्यटनासाठी नाही. तरीही परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून सोबत ठेवावं. ‘फिरायला म्हणून जा, तिथे नोकरी लावून देतो’ असं कुणी सांगत असेल तर मात्र सावध व्हावं. थायलंडमार्गे म्यानमारच्या सायबर फसवणूक केंद्रांत अडकवलेल्या भारतीय तरुणांची सुटका सरकारला करावी लागली आहे. इराणनेही नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाच्या घटनांनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हिसामाफी थांबवली.

दिवाळीची सुट्टी आणि पाऊस

व्हिएतनामचं होई आन रीलमध्ये कंदिलांनी उजळलेलं दिसतं. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पुराचा काळ असतो, म्हणजे नेमकी दिवाळीची सुट्टी. तेव्हा स्वस्त मिळणारी खोली स्वस्त का आहे हे लक्षात घ्यावं. नेपाळचं उलट आहे. पाऊस संपून डोंगर स्वच्छ दिसण्याचा काळ दिवाळीच्या सुमारासच येतो.

कार्डाचा खर्च शेवटी कळतो. परदेशात कार्ड वापरल्यावर अनेक बँका ३.५ टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात. दुकानदाराने ‘रुपयांत की इथल्या चलनात?’ असं विचारलं तर तिथलं चलन निवडावं. रुपयांतला दर बहुधा महाग पडतो. थायलंडमध्ये एटीएममधून प्रत्येक वेळी २०० बाथहून जास्त शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे पैसे काढणं महागात जातं. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस भरावा लागतो. तो प्राप्तिकर रिटर्न भरून वळता करता येतो, पण निघताना ती रक्कम हातात असावी लागते.

सगळे पैसे मोजून निघणंही धोक्याचं. ९ सप्टेंबर २०२५ ला नेपाळमधल्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि भारतीय पर्यटक तिथे अडकले. अशा वेळी प्रवास विमा आणि दोन दिवसांच्या मुक्कामाचे वेगळे पैसे उपयोगी पडतात.

तिकीट काढताना आता विमानतळही तपासावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. दिल्ली किंवा कोलकात्याला विमान बदलून जाणारं स्वस्त तिकीट असेल, तर पहिलं विमान तिथूनही असू शकतं. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरीकडे, एनएमआय असेल तर ऐरोली पुलावरून उलट्या दिशेला.