पडलेला उंदीर, मेलेला बगळा

मागच्या रविवारची गोष्ट. सकाळी साडेसातला इंटरकॉम वाजला. शनिवारी रात्री रिलीज करून तीन वाजता झोपलेल्या माणसाला साडेसात म्हणजे मध्यरात्रच! खालून वॉचमनकाका म्हणाले, "दादा, मागच्या बाजूला बगळा मरून पडलाय. पिशवीत घालून नाल्यात टाकून देऊ का?"

डोळे चोळत खाली गेलो. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमागे थोडी मोकळी जागा शिल्लक आहे. तिथे जांभळाखाली एक पाणबगळा पडला होता. एव्हाना सेक्रेटरीकाकाही पोचले होते. त्यांचं मत एकदम स्पष्ट. "फोनबिन करू नका हं. उद्या कोणीतरी बर्ड फ्लू म्हणेल, पेपरात सोसायटीचं नाव येईल. इथे दोन फ्लॅट विकायला काढलेत!"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून आजी ओरडली, "हात लावू नका रे! पूर्वी उंदीर पडला तरी अख्खं गाव उठायचं!"

आता हे काय? चहा घेताना विचारलं. आजीने स्वतः प्लेग पाहिलेला नाही, पण तिच्या सासूबाईंनी पाहिला होता. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक भांडीकुंडी उचलून रानात झोपड्या बांधून राहायचे. मला ही अंधश्रद्धा वाटायची. मग दुपारभर वाचत बसलो, आणि मत साफ बदललं.

तर मंडळी, सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. (मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. मी शंभर वेळा त्याच्यासमोरून गेलो असेन, एकदाही नाव वाचलं नव्हतं.) मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची गोदामं, आणि तिथे उंदीर मरून पडत होते. म्हणजे सूचना मिळत होती, पण ती सूचना आहे हे कोणाला कळत नव्हतं.

पुढचं आपण शाळेत वाचलेलं आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (हो, २०२० मध्ये कोविडला वापरला तोच!). घरझडत्या, रोग्यांना उचलून नेणं, सामान जाळणं. माणसं लाखांनी मुंबई सोडून निघाली. पुण्याची आणि नाशिकची लाइन कल्याणला वेगळी होते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रवाशांची तपासणी तिथे व्हायची. आज जिथे आपण स्लो की फास्ट यावरून धावतो, तिथे तेव्हा ताप आहे का, काखेत गाठ आहे का, हे बघत होते. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. तिथल्याच झडत्यांच्या संतापातून २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

यातली एक गोष्ट मात्र शाळेत नीट पोचत नाही. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवायला लागले, प्रेतंसुद्धा गुपचूप पुरायला लागले. जिथे आजारी माणूसच लपवला जातो, तिथे 'आमच्याकडे उंदीर पडला' हे सांगायला कोण जाणार? सरकारला बातमी हवी होती, पण बातमी देणाऱ्याचं घर उद्ध्वस्त होत होतं.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरावरची पिसू पसरवते. उंदीर जिवंत असेपर्यंत पिसू त्याच्या अंगावर असते. तो मरून गार पडला की ती दुसरं गरम अंग शोधते. त्यामुळे नुकताच मेलेला उंदीर सगळ्यात धोकादायक! शेपटीला धरून बाहेर फेकणारा हात हे तिला मिळालेलं पहिलं गरम अंग. सिमाँचं म्हणणं बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही.

मग १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोग परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) कामाला लागला. मुंबईतले उंदीर कुठून आले याची नोंद ठेवून ते तपासले गेले. निष्कर्ष असा की, घरातल्या काळ्या उंदरांत साथ आली की साधारण १० ते १४ दिवसांनी ती माणसांत येते. दोन आठवडे आधी अलर्ट! आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर दोन तास आधी अलर्ट आला तरी आम्ही पेढे वाटू. आजीच्या सासूबाईंना पिसूचं काहीच माहीत नव्हतं, पण उंदीर पडला की घर सोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही गोष्ट १९०५ ला संपत नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात आधी माकडं मेली, मग माणसं तापाने पडली. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे मोठ्या प्रमाणावर दिसला. तिथे पिसूऐवजी गोचीड, पण युक्ती तीच. माकड मेलं की गोचिडी खाली उतरतात आणि पुढच्या अंगाची वाट बघतात. आणि अगदी आपल्याकडे, जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडवर पाणबगळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. कोणीतरी ते पक्षी नाल्यात न टाकता फोन केला, म्हणूनच हे कळलं.

आता तुम्ही विचाराल, करायचं काय? उघड्या हाताने शिवायचं नाही. मुलांना, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवायचं. नाल्यात, विहिरीजवळ, कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. फोटो काढून महापालिकेला किंवा वनविभागाच्या १९२६ वर कळवायचं. कळवणं हा नुसता शिष्टाचार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो, आणि तो आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. एकापेक्षा जास्त पक्षी किंवा कुठलंही माकड असेल तर जागचं हलवायचंच नाही. 'तुम्हीच पुरा' असं सांगितलं गेलं तर हातमोजे, मास्क, खोल खड्डा, वर चुना, आणि नंतर साबणाने हात.

असो. आमच्या बगळ्याचं काय झालं? मी फोन केला. सेक्रेटरीकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आलेल्या माणसाने हातमोजे घालून पंख उचलला, तर आत मांजा! संक्रांतीचा राहिलेला, मांसात रुतलेला. ना फ्लू, ना पेपरात नाव. पण हे कळलं ते कोणीतरी बघितलं म्हणून. नाल्यात टाकला असता तर काहीच कळलं नसतं, मांजाही नाही आणि फ्लूही नाही.

सेक्रेटरीकाकांचा मला फारसा राग येत नाही. १८९७ मध्ये लोकांना घर जाण्याची भीती होती, काकांना फ्लॅटचा भाव पडण्याची. परवा संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "तो नंबर काय होता रे? नोटीस बोर्डावर लावून टाकू." लावलाय. पुढच्या वेळी वॉचमनकाकांनी मला साडेसातला उठवायची गरज नाही.