पेराएवढे सैनिक

युद्ध आणि खेळ यांचे नाते फार जुने आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून ज्याला चतुरंग हे नाव पडले, तो खेळ इसवी सनाच्या ६ व्या शतकाच्या सुमारास उत्तर भारतात उदयास आला, असे मानले जाते. तेथून तो इराणात गेला, अरबांनी तो पश्चिमेकडे नेला, आणि युरोपात रुळेपर्यंत वजिराची राणी झाली. प्यादे मात्र प्यादेच राहिले. आठही प्यादी एकसारखी. त्यांतील नेमके कोणते मारले गेले, हे विचारण्याचे कोणाला कारणच पडले नाही.

या पटावर युद्धशास्त्राचा संस्कार झाला तो जर्मनीत. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेलविग या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट सोळाशेहून अधिक घरांपर्यंत वाढवला आणि त्यावर डोंगर, नद्या, गावे यांना स्थान दिले. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी त्या घरांचाही त्याग केला. १८२४ मध्ये पुत्राने सिद्ध केलेल्या खेळात खऱ्या प्रदेशाच्या नकाशावर तांबडे व निळे ठोकळे सरकत, आणि किती माणसे पडली हे फासे व कोष्टके ठरवीत. सेनाप्रमुख म्यूफ्लिंग यांनी हा खेळ सैन्याच्या शिक्षणासाठी पुरस्कारिला. युद्धाचे गणित आता अचूक झाले. माणूस मात्र आकड्यात विरून गेला.

त्याच सुमारास न्यूरेंबर्ग शहरात निराळाच उद्योग भरभराटीला आला होता. दगडी पाटीवर उलटी आकृती कोरून तिच्यात कथलाचा रस ओतायचा आणि पातळ, चपटे सैनिक काढायचे, ही तेथील कारागिरांची विद्या. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने सुमारे ३० मिलिमीटर उंचीचे प्रमाण रूढ केले. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात शिशाचा रस ओतावा, बाहेरचा थर थिजताच आतला रस परत काढून घ्यावा. धातू वाचला, किंमत उतरली, आणि सामान्य घरांतील मुलांच्या हाती फौजा आल्या.

या खेळण्यांना नियमांची जोड देऊन एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. खोलीतील जमिनीवर लढलेली ही लढाई खऱ्या लढाईचा मूर्खपणा उमगण्यास पुरेशी आहे, असा त्यांचा आशय होता. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. लाखो तरुण पटावरच्या प्याद्यांप्रमाणे खर्ची पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाने पुन्हा मूळ धरले. डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ १९६२ मध्ये निघाले. टोनी बाथ यांनी १९६५ मध्ये प्राचीन व मध्ययुगीन युद्धांच्या अभ्यासकांची संस्था स्थापिली. मध्ययुगाचा मोह अनेकांना पडला, आणि त्याचबरोबर त्याची अडचणही कळली. त्या काळी सर्वांचा पोशाख एक नव्हता. नेपोलियनच्या पलटणीतील एक शिपाई रंगवला की पुष्कळांचा पोशाख ठाऊक होतो. मध्ययुगीन सरदार मात्र एकेक करूनच ओळखावा लागतो.

उत्तर फ्रान्समधील अ‍ॅजिनकोर्ट येथे २५ ऑक्टोबर १४१५ रोजी झालेल्या लढाईचेच उदाहरण घ्यावे. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीच्या ढालीचे चार भाग होते. दोहोंत तांबड्या भूमीवर सोनेरी सिंह, उरलेल्या दोहोंत निळ्या भूमीवर तीन सोनेरी लिलीची फुले. ही फुले फ्रान्सच्या राजघराण्याची. ती आपल्या ढालीवर धारण करणे म्हणजे त्या सिंहासनावर हक्क सांगणे. कुंचल्याच्या टोकाने ती फुले रेखाटणारा माणूस वस्तुतः युद्धाचे कारणच रेखाटीत असतो.

हेन्रीच्या सैन्यात बहुसंख्य होते ते तिरंदाज. त्यांना कुलचिन्ह नव्हते. हारफ्लरच्या वेढ्यात पसरलेल्या हगवणीने ते खंगले होते. रात्रभर पाऊस झोडपत होता आणि नांगरलेल्या शेतात चिखल माजला होता. लढाई संपल्यावर हेरल्ड नावाच्या राजसेवकांनी चिन्हांवरून मृत सरदारांची नोंद केली. सामान्य मृतांची मोजदाद कोणी केली नाही. राजाच्या हजेरीपटांत मात्र अनेक तिरंदाजांची नावे आजही वाचावयास मिळतात. नाव आहे, चेहरा नाही.

छांदिष्टाच्या मेजावर तो चेहरा मिळतो. चौकटीतून सुटे भाग कापावे, साच्याची शीर कानशीने घासावी, हात-धड चिकटवावे, सर्वांगावर काळे अस्तर द्यावे. मग कोरड्या कुंचल्याने रुपेरी रंग हलकेच फिरवला की साखळीचिलखताची कडी न कडी उजळते. खोलगट जागी पातळ गडद रंग साचू द्यावा, गालाच्या उंचवट्यावर फिकट छटा द्यावी, आणि शेवटी बुटांना चिखल लावावा. अंगठ्याच्या पेराएवढ्या त्या माणसाला एक संध्याकाळ द्यावी लागते. शेकडोंची फौज उभी राहण्यास महिनेच्या महिने लोटतात.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर रंगीत मावळे मांडणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांना हा आनंद नवा नाही. गडावरून एखादा मावळा कोसळला तर मूल त्याला उचलते, धूळ पुसते आणि पुन्हा जागेवर उभे करते. मेजावरच्या लढाईतही पडलेले सैनिक पेटीत निजतात आणि दुसऱ्या दिवशी उठतात. अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात पडलेले उठले नाहीत. एका शिपायाला एक संध्याकाळ दिलेल्या हाताला या दोहोंतील अंतर निराळे शिकवावे लागत नाही.