घोणस, मूत्रपिंड आणि मीठ

मंडळी, ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला मिठाची महती सांगायला नको. ठाण्याच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे पिकली. 'आगरी' हे नावही 'आगर' म्हणजे मिठागर यावरूनच पडले, असे मानतात. आणि घोणसही सांगायला नको. मुरबाड-शहापूरची भातशेती असो, की कल्याण-डोंबिवलीच्या कडेची गवताळ रानं, उंदीर जिथे, तिथे ती येणारच. आता मीठ आणि घोणस यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो संबंध आपल्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना आहे. तिथे आपली दोन मूत्रपिंडे असतात.

मूत्रपिंड काय काम करते ते आधी पाहू या. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव त्याच्या गाळणीतून जातो, आणि त्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ. एवढे सगळे बाहेर गेले तर माणूस संध्याकाळही पाहणार नाही. म्हणून मूत्रपिंड ते जवळपास सारे परत रक्तात ओढून घेते, आणि दीडएक लिटर लघवीतून काही ग्रॅमच मीठ बाहेर सोडते. मिठागरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. इथे दोन्हींचा हिशेब रोज, तासातासाला, चुकता होत असतो.

घोणस हा हिशेबच मोडते. तिचे विष रक्तात शिरले की रक्त गोठवणारी द्रव्ये एकदम भडकतात आणि बारीक बारीक गुठळ्या होऊन ती द्रव्ये संपून जातात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. गुठळ्यांनी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या बुजतात, रक्तदाब उतरतो, आणि विषातली काही द्रव्ये मूत्रपिंडाच्या नलिकांना थेट इजा करतात. लघवी कमी होते, कधी बंद पडते. चावल्यावर काही तास माणूस हिंडता-बोलता दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, "बरं आहे की!" आणि भगताकडे एक चक्कर होते. घात होतो तो इथेच.

या सापाची शास्त्रीय नोंद जुनी आहे. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १७९६ साली हिंदुस्थानातल्या सापांवर ग्रंथ छापला, आणि इंग्रजीत घोणशीला आजही त्याचेच नाव आहे. पुढे १८९४-९५ च्या सुमारास फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी प्राण्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून उतारा काढला. पण तो होता नागाच्या विषावर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले की, नागाचा उतारा घोणशीवर चालत नाही. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून एकच लस तयार होऊ लागली. आपल्या शेजारच्या परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगवरच्या संशोधनासाठी ही प्रयोगशाळा आली, आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

इथवर विष म्हणजे शत्रू. पण १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या डॉक्टरांनी घोणशीचेच विष अगदी पातळ करून, ज्यांचे रक्त थांबत नाही अशा रोग्यांच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबवले. रक्त गोठण्याच्या एका तपासणीत हे विष प्रयोगशाळांत आजही वापरतात.

याहून मोठी गोष्ट घडली दूर ब्राझीलमध्ये. तिथे घोणशीच्या नात्यातला जराराका नावाचा साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. साओ पाउलोच्या रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सोबत्यांना १९४९ साली आढळले की, हे विष रक्तातून ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य मोकळे करते, आणि ते द्रव्य रक्तवाहिन्या सैल करते. त्यांच्याच परंपरेतल्या सेर्जियो फेरेरा यांना १९६५ साली विषातच असे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे लहानगे तुकडे, सापडले की जे ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतात. फेरेरा ते घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्याकडे गेले. तिथे गाठ उलगडली. मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन बनते. ते वाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडाला हुकूम देते, की मीठ धरून ठेव. ज्या विकरामुळे हे घडते, त्या विकरालाच विषातले पेप्टाइड अडवतात.

पण पेप्टाइड पोटात गेले की पचून जाते, ते टोचूनच द्यावे लागे. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंदेत्ती यांनी त्याची नक्कल करून साधे लहान द्रव्य बनवले. कॅप्टोप्रिल ते हेच. १९७५ साली ते तयार झाले, १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाले. आज एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशी त्याची भावंडे कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. गोळीत विष मुळीच नसते, घाबरू नका. १९९३ साली तर सिद्ध झाले की, मधुमेहाने झिजणाऱ्या मूत्रपिंडाची झीज कॅप्टोप्रिल मंद करते.

उलट बाजूही आहे. १९८१ साली दे बोल्ड यांनी उंदरांवर दाखवले की हृदयच मूत्रपिंडाला 'मीठ सोड' असा निरोप धाडते. तसाच निरोप देणारे पेप्टाइड १९९२ साली आफ्रिकेतल्या हिरव्या मांबाच्या विषात सापडले. सापाला आपल्या शरीराची भाषा इतकी कशी येते, हा मला अजून नवलाचा विषय वाटतो!

मास्तरांनो, मुलांना हे सांगताना दुसरी अर्धी गोष्ट विसरू नका. लस रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण मूत्रपिंडाची झालेली इजा भरून काढीत नाही. म्हणूनच तास मोलाचे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यांतली पुष्कळशी खेड्यांतली. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय हलवू न देता, १०८ ला फोन करून, रुग्णाला लस असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवतात. रक्त गोठले नाही, तर विष भिनले असे समजतात. लघवी किती झाली, कोणत्या रंगाची झाली, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. लघवी थांबलीच तर डायलिसिस करावे लागते. मूत्रपिंडे बहुधा काही आठवड्यांत पुन्हा चालू होतात, पण सगळ्यांची नाही. घरी आल्यावरही रक्तदाब आणि रक्तातले क्रिएटिनीन काही महिने तपासून घ्यावे लागते.