अन्ननलिकेचा कर्करोग आणि मूलपेशींची जनुके

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान बहुधा उशिरा होते. घास अडकू लागल्यावर रुग्ण तपासणीस येतो, तोवर गाठ नलिकेच्या भिंतीत खोलवर शिरलेली असते. २०२२ या वर्षी जगभरात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार जण दगावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतात ईशान्येकडे, विशेषतः मेघालयात, या रोगाचे प्रमाण मोठे आहे.

रोग पुढे कोणते वळण घेईल, हे गाठीची खोली, लसिकाग्रंथींतील शिरकाव आणि इतर अवयवांतील प्रसार यांवरून ठरवले जाते. तथापि, एकाच टप्प्यातील दोन रुग्णांपैकी एक बरा होतो, तर दुसऱ्याचा रोग उपचारांनंतर उलटतो. गाठीतील मूलपेशींसारख्या मोजक्या पेशी औषधांना व किरणोपचाराला दाद देत नसाव्यात, असे अनेक संशोधक मानतात.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये सॉक्स-२, ऑक्ट-४, केएलएफ-४ आणि सी-मिक या चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या सामान्य पेशींना मूलपेशींचे रूप दिले. या कार्यासाठी २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी सॉक्स-२ या जनुकाच्या जादा प्रती अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कर्करोगात असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असते. ज्यांच्या गाठीत सॉक्स-२ आणि ऑक्ट-४ अधिक सक्रिय होती, ते रुग्ण कमी काळ जगले, असे त्याच वर्षीच्या एका अभ्यासात आढळले.

पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळले नाहीत. याचे एक कारण अन्ननलिकेच्या जडणघडणीतच आहे. गर्भावस्थेत श्वासनलिका आणि अन्ननलिका वेगळ्या होण्यासाठी सॉक्स-२ आवश्यक असते, आणि प्रौढ माणसाच्या निरोगी अन्ननलिकेतही अस्तराच्या तळच्या थरात ते कार्यरत राहते. म्हणजे हे जनुक केवळ आढळणे हे रोगाच्या उग्रतेचे लक्षण नव्हे. त्यातच ‘अधिक’ कशाला म्हणायचे, याची मर्यादाही प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली ठरवलेली असते.

त्यामुळे रुग्णालयांतील नेहमीच्या उपचारांची दिशा या जनुकांवरून ठरवली जात नाही. रोग पुढच्या टप्प्यात असल्यास औषधाच्या निवडीसाठी पीडी-एल१, आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात हर-२, यांची चाचणी केली जाते.