ड्रीलच्या तीरावरील स्मारक

नेदरलँड्समधील ड्रील हे लहानसे गाव ऱ्हाइन नदीच्या एका शाखेच्या दक्षिण तीरावर वसले आहे. तेथील पूरबांधावर १९८९ साली एक साधे स्मारक उभारण्यात आले. युद्धस्मारके बहुधा विजयाची असतात; हे मात्र एका माघारीचे आहे. ज्या अभियंता सैनिकांच्या स्मरणार्थ ते उभे आहे, त्यांचे त्या रात्रीचे काम शत्रूला मारण्याचे नव्हते, तर आपल्या माणसांना पार नेण्याचे होते.

सैन्यात या अभियंत्यांना ‘सॅपर’ म्हणतात. पूल बांधणे, सुरुंग काढणे, नावा हाकारणे ही त्यांची कामे. पुण्याजवळच्या खडकीतील ‘बॉम्बे सॅपर्स’मुळे हा शब्द महाराष्ट्रालाही परिचित आहे.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांनी नेदरलँड्समधील नद्यांवरील पूल काबीज करण्याची मोहीम आरंभिली. तिच्यात आर्नहेमचा पूल ब्रिटिश छत्रीधारी सैन्याकडे सोपविला होता. नदीच्या उत्तरेस सुमारे १०,००० सैनिक उतरले. पण त्यांच्या मदतीस येणारे भूदल वेळेवर पोहोचू शकले नाही. २१ सप्टेंबरला पूल हातचा गेला आणि उरलेले सैन्य ऑस्टरबेक गावात कोंडले गेले. त्याच दिवशी पोलिश छत्रीधारी ब्रिगेड ड्रीलला उतरली, परंतु पलीकडे जाण्यास पुरेशा नावा नव्हत्या.

ऑस्टरबेकच्या जुन्या चर्चशेजारी केट टेर हॉर्स्ट ही पाच मुलांची आई राहत होती. तिचे घर जखमींनी भरून गेले. तोफांच्या भडिमारात ती त्यांना स्तोत्र ९१ वाचून दाखवीत असे.

अखेर २५ सप्टेंबरच्या रात्री माघार घेण्याचे ठरले. मुसळधार पाऊस कोसळत होता. बुटांना चिंध्या गुंडाळून, अंधारात अंथरलेल्या पांढऱ्या फितीच्या मागाने सैनिक नदीकडे निघाले. कॅनडाच्या २० व २३ क्रमांकाच्या फील्ड कंपन्यांनी यंत्रचलित नावा आणल्या होत्या. ब्रिटिशांच्या २६० व ५५३ क्रमांकाच्या कंपन्या वल्ह्यांच्या नावा चालवीत होत्या. पावसाच्या पाण्याने यंत्रे बंद पडत, उखळी तोफांचे गोळे नदीत कोसळत, काही नावा माणसांसह बुडाल्या. तरीही खेपा थांबल्या नाहीत. उजाडू लागल्यावरही लेफ्टनंट रसेल केनेडी पलीकडे जात राहिले. ज्यांना पोहूनच यावे लागणार होते, त्यांच्यासाठी ते तरंगपट्टे घेऊन गेले. सकाळपर्यंत सुमारे २,४०० सैनिक दक्षिण तीरावर पोहोचले होते.

सर्वांनाच येता आले नाही. गंभीर जखमींना हलविणे अशक्य होते. त्यांच्यासोबत वैद्यकीय सेवक आणि सैन्यातील धर्मगुरू स्वेच्छेने मागे राहिले व शत्रूच्या कैदेत गेले. ज्यांनी नाव हाकारली आणि ज्यांनी नावेतील आपली जागा सोडली, त्या दोघांनीही त्या रात्री शेजारधर्म पाळला.

वाचलेल्यांना मात्र आपले तारणारे कोण हे नीट कळलेही नाही. काळोखात चेहरे दिसत नव्हते, बोलण्यास मनाई होती, आणि पैलतीरी पाय लागताच पुढे निघावे लागे. सॅपर्सही दुसऱ्या नद्यांकडे, दुसऱ्या पुलांकडे गेले. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने केलेले ते दान होते. त्यांच्या नावाचा दगड तीरावर उभा राहण्यास ४५ वर्षे लागली.

उपकाराची फेड करावयाची तर उपकारकर्ता कोण, हे आधी शोधावे लागते. ड्रीलच्या त्या स्मारकाने हा शोध उशिरा का होईना, पूर्ण केला. ‘सर्व मृतांसाठी’ आपण नोव्हेंबरात प्रार्थना करतो, तेव्हा अंधारात आपल्याला पार नेणारे आणि ज्यांचे चेहरे आपण कधी पाहिले नाहीत, असे कितीतरी जण त्या प्रार्थनेत सामावलेले असतात.