जडसंग्रह आणि नाद

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास, जुन्या सामानाची दुकाने आहेत. नोकरीनिमित्त त्या शहरी राहत असता तेथून मी एक वापरलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. या यंत्राचे जन्मस्थानही बंगळूरच, जी. राज नारायण यांनी ते १९७९ साली सिद्ध केले. माझ्या घरचा हा तिसरा तानपुरा. रियाज मात्र पहिल्यावरच थांबला होता. सरकारी कचेरीत टेबलखुर्च्यांची नोंद ज्या वहीत होते, तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. माझे तानपुरे त्याच वहीत शोभले असते.

हे वेड माझ्या एकट्याचे नव्हे. मॉड्यूलर सिंथेसायझर हे वाद्य सुट्या घटकांचे असते. एक घटक नाद उत्पन्न करतो, दुसरा त्यातील काही अंश गाळतो, तिसरा त्याचा चढउतार राखतो. तारा जोडाव्या तसा स्वर बनतो. गेल्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील डीटर डोपफर यांनी रूढ केलेल्या मापाचे घटक अनेक कारखाने बनवू लागले, आणि चौकटीतील रिकामी जागा भरणे हाच कित्येकांचा छंद होऊन बसला. वाद्य पुरे झाले, आता वाजवू, असा क्षण त्यात येतच नाही!

याच जातीचे मूग यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये उभे राहिले. गीता साराभाई यांनी १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ दिले होते. यंत्र उभारावयास आले ते केज यांचेच सहकारी डेव्हिड ट्यूडर. त्या काळच्या मूगचे स्वर उष्णतेने सरकत, हे ध्यानी घेतले म्हणजे अहमदाबादच्या उन्हाळ्याची कल्पना करवत नाही. तरी साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, विद्यार्थी जिनराज जोशीपुरा अशा मोजक्या मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर रचना केल्या. माथुरांच्या एकीचे नावच 'वन्स आय प्लेड अ तानपुरा' असे आहे. ते वाचून मी ओशाळलो.

पुढे या फिती विस्मृतीत गेल्या. संस्थेच्या दप्तरात त्या पॉल पुर्गस यांच्या हाती लागल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. कोणी तरी त्या सांभाळल्या होत्या, हेही खरे. पुण्यात दिनकर केळकरांनी वाद्ये जमविली नसती, तर कित्येकांचे आकारही आपणांस ठाऊक नसते. पण केळकरांनी आपला संग्रह लोकांच्या स्वाधीन केला.

गेल्या महिन्यात मी तिसरा तानपुरा शेजारच्या मुलीस दिला. पहाटे भिंतीपलीकडून तिचा षड्ज ऐकू येतो. पहिल्याच्या तारा अद्याप बदलावयाच्या आहेत.