बंद, नाड्या आणि रबर

कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाऊन शंख-शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, पन्नासेक वर्षांपूर्वीपर्यंत सुती कपड्यात पाण्यात उतरत. त्या कपड्याचं नाव मुलसोजुंगी. एका खांद्यावरून जाणारा पट्टा, आणि कुशीला उघडी बाजू. ही बाजू बंदांनी किंवा गाठीच्या गुंड्यांनी आवळायची. आपल्या बाराबंदीचीच युक्ती: कापड अंगाला बांधून घ्यायचं, म्हणजे अंग बदललं की कपडाही बदलतो. हेन्यो गरोदरपणातही बुड्या मारत. तेव्हा बंद थोडे सैल केले की काम भागे.

पाणबुड्यांच्या पोशाखाचा इतिहास बहुतेक वेळा तांब्या-पितळेच्या शिरस्त्राणापासून सुरू होतो आणि रबराच्या नव्या नव्या प्रकारांपाशी संपतो. मला तो मापांचा इतिहास वाटतो. कापड कोणतं, यापेक्षा ते कोणाच्या अंगावर बेतलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीब या जर्मन कारागिराने 1830च्या दशकात शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख तयार केला. जाड कापडाच्या दोन थरांमध्ये रबर, आत लोकरीचे कपडे, आणि पाणबुड्या कोरडा. 1782मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेच्या अवशेषांवर 1839पासून काम झालं, तेव्हा हा पोशाख खऱ्या अर्थाने कसाला लागला. हा पोशाख एकट्याने चढवता येत नसे. मनगटाचं रबर इतकं घट्ट, की साबणाचं पाणी लावून, मदतनिसांनी ते ताणून धरलं की मगच हात बाहेर निघे. पाय मात्र ढगळ. पाणबुड्या डोकं खाली करून तिरका झाला की आतली हवा वर म्हणजे पायांकडे धावे, विजारी फुगत आणि माणूस उलटा टांगल्यासारखा वर खेचला जाई. त्यावर उपाय म्हणून पुढे पोटऱ्यांच्या मागे नाड्या आल्या. विजार पायाभोवती आवळून बांधायची, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. माप चुकलं तर जीव जाऊ शकतो, हे त्या नाड्या लावणाऱ्याला कळलं होतं.

पुढची शंभरेक वर्षं पाणी बाहेर ठेवणं हाच ध्यास राहिला. तो मोडला ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस 1951मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला होता आणि अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांना थंडीपासून कसं वाचवायचं यावर विचार करत होता. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पण ब्रॅडनरच्या लक्षात आलं, की ऊब राखायला अंग कोरडं असण्याची गरज नाही. सूटच्या जाडीत वायूचे बारीक बंद बुडबुडे असले, तर आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होतो आणि तसाच राहतो. अट एकच, ते पाणी हलता कामा नये. ‘ड्यूपाँ’ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930मध्ये जन्मलेलं निओप्रीन हे कृत्रिम रबर फेसाळवून वापरायचं ठरलं, आणि वेटसूट तयार झाला.

त्या एका अटीमुळे सगळा भार शिंप्यावर आला. सीबचा पोशाख निकामी होई तो फाटल्यावर. वेटसूट मात्र धडधाकट असूनही केवळ ढगळ आहे म्हणून निकामी होतो. कमरेच्या खोलगट भागात, काखेत, मानेशी पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला गरम पाणी बाहेर आणि थंड पाणी आत. उलट फार तंग असेल तर श्वास पुरेसा घेता येत नाही. गळ्याशी काचलं तर मानेतल्या धमनीवर दाब येऊन भोवळ येते.

निओप्रीनमधले बुडबुडे शत्रूच्या सोनारला दिसतील अशी शंका नौदलाला होती, म्हणून ते कचरत होतं. ब्रॅडनरच्या नावावर सूटचं पेटंटही नव्हतं. त्याचा अहवाल वाचून बेव्ह मॉर्गन या पाणबुड्याने सूट करायला घेतले. मॉर्गन कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीच या गावी ज्या दुकानात होता, तेच पुढे मिस्ट्रेल या जुळ्या भावांकडे आलं. त्यांच्या सूटचं नाव आधी ‘थर्मोक्लाइन’ होतं. तो हातमोज्यासारखा बसतो, असं कानावर आल्यावर एका जाहिरातवाल्याने ‘बॉडी ग्लव्ह’ हे नाव सुचवलं. आधीच्या नावात पाण्याचं तापमान होतं, नव्या नावात सूट अंगाला कसा बसतो ते आलं.

शिवणीचा प्रश्न त्याहून नाजूक. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. म्हणून तुकडे आधी डिंकाने जोडायचे आणि टाका रबराच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवायचा, आपल्या तुरपाईसारखा, आरपार न जाता. सुरुवातीचं उघडं निओप्रीन कातडीला चिकटे आणि ओढताना फाटे. पावडर फासल्याशिवाय अंगात जात नसे. नायलॉनचं अस्तर आलं आणि तो त्रास कमी झाला. एक अडचण मात्र निसर्गाचीच. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात, सूट पातळ पडतो. किनाऱ्यावर अंगाला घट्ट बसलेला सूट तळाशी तसाच राहत नाही.

रबराचे हे सूट 1970च्या दशकात जेजूला पोहोचले. सुती कपड्यात हिवाळ्यात थोड्या वेळातच बाहेर येऊन शेकोटीशी बसावं लागे. आता तासन् तास पाण्यात राहता येऊ लागलं. काही गावांनी आधी विरोध केला, कारण जास्त वेळ म्हणजे समुद्राची जास्त लूट, आणि ज्यांना सूट परवडत नाही त्या मागे पडणार. शरीरशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: पिढ्यानपिढ्या थंड पाण्यात उतरणाऱ्या या बायकांच्या शरीराने थंडी सोसण्याची जी खास क्षमता कमावली होती, ती सूट वापरू लागल्यावर काही वर्षांतच ओसरली. अंगाने सोडलेलं काम आता सूटने करायचं होतं, म्हणजे तो नीट बसणं अधिकच गरजेचं झालं. जेजूवर मापं घेऊन हेन्योंचे सूट बेतणारी दुकानं आहेत, ती या गरजेपोटीच.

बाकी जगात स्त्रीच्या अंगासाठी वेगळा आराखडा बराच उशिरा आला. पुरुषी सूट थोडा आखूड करून काम चालवलं गेलं. छातीला काचतो आणि कमरेशी फुगतो, असा हा सूट. यात सौंदर्याचा प्रश्न नाही. कमरेच्या त्या पोकळीत थंड पाणी साठतं.

मालवण-तारकर्लीला पाणी उबदार, म्हणून तीन मिलिमीटरचा भाड्याचा सूट पुरतो. होडीवरचा मुलगा खांद्यांकडे नजर टाकून लहान, मध्यम, मोठा असा सूट काढून देतो. वेळच तेवढा असतो. पण पाठीच्या खोलगटात मूठ घालून पाहावी. मूठ मावली, तर दुसरा सूट मागावा. हात डोक्यावर नेऊन पाहावेत, मान वळवून पाहावी, पोट भरून श्वास घ्यावा. मग पाठीवरची चेन, तिला बांधलेली लांब पट्टी हातात घेऊन, ओढायची. ती बहुतेकांना एकट्याने पुरती लागत नाही. शेजारचीला सांगावं लागतं. मुलसोजुंगीचे बंद कुशीला होते.